टर्बो स्लेडवर फ्युएल कंट्रोलर बसवतोय, प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर

गाडी आधी सांगतो. तीन सिलिंडर, फोर-स्ट्रोक, १०४९ सीसी इंजिन असलेली स्नोमोबील, म्हणजेच स्लेड, गाडी मित्राची आहे, चालवणार तो आणि लॅपटॉप घेऊन डोकं खाजवणार मी. टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) आधीच्या मालकानेच लावलेला, वेस्टगेटची (हा दाब हद्दीत ठेवणाऱ्या झडपेची) स्प्रिंग ६ पीएसआयची (पीएसआय हे दाबाचं एकक), इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा) नाही, हेड गॅस्केट जाड टाकून कॉम्प्रेशन थोडं उतरवलेलं. पेट्रोल वाढवायची सोय मात्र एकदम जुन्या पद्धतीची, बूस्ट (टर्बोचा जास्तीचा दाब) चढला की फ्युएलचं प्रेशर काही पटींनी वाढवणारा रेग्युलेटर. चालतं तसं, पण प्रेशर खूप चढवलं की पंपाचा फ्लो पडतो आणि एका जागी सेट केलेलं दुसऱ्या उंचीवर जुळत नाही, स्क्रू पिळत बसायचं. तो काढायचा, त्याच्या जागी इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणाऱ्या झडपांच्या) वायरींमध्ये बसणारा कंट्रोलर लावायचा, एवढंच काम.

एवढंच म्हटलं खरं.

ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) समजून घेतलं पाहिजे आधी. या गाडीचा मूळ ईसीयू थ्रॉटल किती उघडलाय आणि आरपीएम किती यावरून पेट्रोल ठरवतो, वर बाहेरच्या हवेचा दाब आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघून थोडं कमीजास्त करतो. बूस्ट नावाची गोष्ट त्याच्या गावीही नाही. त्याच्या हिशोबाने थ्रॉटल पूर्ण उघडा म्हणजे बाहेर जेवढी हवा आहे तेवढी आत, विषय संपला. आपला बॉक्स, म्हणजे हा कंट्रोलर, मध्ये बसून ईसीयूने दिलेला पल्स (इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा तो इशारा) घेतो, ठरवलेले टक्के जोडतो आणि लांबवून इंजेक्टरला देतो. म्हणजे इंजेक्टर उघडायचा निर्णय ईसीयूचाच, बंद कधी व्हायचं ते बॉक्स ठरवणार.

इग्निशन टायमिंगला (ठिणगी कधी पाडायची त्याला) हा बॉक्स हात लावत नाही. ६ पीएसआय, उतरवलेलं कॉम्प्रेशन, चांगलं ऑक्टेन आणि मूळपेक्षा एक पायरी थंड प्लग, यावर भागवायचं ठरलंय. यापेक्षा जास्त बूस्ट हवा असेल तर मग स्टँडअलोन, म्हणजे मूळच्या जागी बसणारा पूर्ण वेगळा ईसीयूच बघावा लागतो, ते या प्रोजेक्टमध्ये नाही.

९ नोव्हेंबर

हिशोब कागदावर. इंजेक्टर बदलायला लागणार का हा पहिला प्रश्न कारण सगळे पहिल्याच दिवशी मोठे इंजेक्टर मागवतात.

८५०० आरपीएमला एक फेरा ७.०६ मिलिसेकंदाचा. फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल, म्हणजे १४.१ मिलिसेकंद हातात. त्यातले ८५ टक्के वापरायचे म्हटले तर १२ मिलिसेकंद ही वरची हद्द, त्याच्या पुढे इंजेक्टर नीट बंदच होत नाही. ऑसिलोस्कोपवर बघितलं होतं तेव्हा फुल थ्रॉटलला मूळ पल्स ७.२ च्या आसपास. ६ पीएसआय म्हणजे ४१ केपीए, खाली आपल्याकडे बाहेरची हवा ९८ केपीए, म्हणजे एकूण १३९, भागिले ९८, आलं १.४२. ७.२ गुणिले १.४२ म्हणजे १०.२ मिलिसेकंद. बसतंय. १० पीएसआयला गेलो असतो तर १२.२, म्हणजे नाही बसत. मित्राला हा आकडा मुद्दाम दाखवून ठेवलाय कारण डिसेंबरात तो "थोडा बूस्ट वाढवूया ना रे" म्हणणार हे मला आत्ताच माहितीये.

मूळ इंजेक्टर राहणार. तिन्हींचा रेझिस्टन्स मोजला, १२ ओहमच्या वर, म्हणजे हाय इंपीडन्सवाले, बॉक्सला चालतात. २-३ ओहमवाले असते तर वेगळी भानगड झाली असती.

१३ नोव्हेंबर

जुना रेग्युलेटर काढला. त्याच्या जागी साधा ३ बारचा, एकास एक वाढणारा, त्याची नळी प्लेनमला (थ्रॉटलच्या आधीच्या हवेच्या डब्याला) जोडली. याचं कारण असं की इंजेक्टरमधून पेट्रोल किती येणार हे रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर आणि समोरचं प्रेशर यांच्या फरकावर आहे, नुसत्या रेलच्या प्रेशरवर नाही. रेल ३ बारवरच ठेवून समोरून ०.४१ बार बूस्ट ढकलला तर फरक उरतो २.५९, आणि फ्लो वर्गमुळाने चालतो म्हणून साधारण ७ टक्के पेट्रोल कमी. तेही नेमकं बूस्टवर, जिथे एक टक्का पण कमी नको तिथे. नळी लावली की रेल ३.४१ होते आणि फरक ३ चा ३.

पंपाला वेगळा रिले आणि जाड वायर बॅटरीपासून थेट. मूळ वायरीवर पंप चालू असताना पंपाच्या टोकाला व्होल्टेज चांगलंच पडत होतं, आणि स्लेडवर स्टेटरची (वीज बनवणाऱ्या भागाची) ताकद मुळात मोजकीच, त्यात हँडलचे हीटर, अंगठ्याचा हीटर, हेडलाइट सगळे वाटेकरी.

१६ नोव्हेंबर

वायरिंग. पूर्ण दिवस गेला आणि जाऊ दे, कारण स्लेडवर अर्ध्याहून जास्त भानगडी वायरिंगच्याच असतात.

इंजेक्टरचे कनेक्टर मूळ हार्नेसला जुळणारे आलेत त्यामुळे तिथे कापाकापी नाही. पण बाकी जे काही जोडायचं ते सगळं क्रिम्प, वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक. सोल्डर केलं नाही, सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि या गाडीचं व्हायब्रेशन बरोबर त्याच ठिकाणी ती तोडतं. वायर पण साधी पीव्हीसीवाली घेतली नाही, थंडीत पीव्हीसी काडीसारखी कडक होते, क्रॉस-लिंक्ड इन्सुलेशनची घेतली. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस, आणि तोंडं खालच्या दिशेने म्हणजे वितळलेलं पाणी आत साठणार नाही.

ग्राउंड हा स्वतंत्र विषय. वाइडबँडचं (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचं) आउटपुट ० ते ५ व्होल्ट, आपण स्केल ठेवलंय ० ला १० आणि ५ ला २० एएफआर (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा, आकडा मोठा म्हणजे पेट्रोल कमी, लीन, लहान म्हणजे पेट्रोल जास्त, रिच). म्हणजे एका व्होल्टला २ एएफआर. ग्राउंड दोन वेगळ्या ठिकाणी दिला आणि मध्ये ०.१ व्होल्टचा फरक पडला तर ०.२ एएफआरची थाप बसलीच. म्हणून बॉक्स, वाइडबँड, लॉगर, सगळ्यांचं ग्राउंड एकाच बोल्टवर, जिथे ईसीयूचं आहे तिथे.

१७ नोव्हेंबर

वाइडबँड सेन्सर टर्बोच्या पुढे, म्हणजे एक्झॉस्ट टर्बोतून बाहेर पडल्यावरच्या पाइपात. टर्बोच्या अलीकडे लावला तर तिथलं बॅकप्रेशर आणि उष्णता दोन्ही जास्त, प्रेशरने आकडा पण हलतो आणि सेन्सर पण लवकर जातो. आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर तिरका, टोक खाली, म्हणजे पाण्याचा थेंब आत थांबणार नाही. थंडीत एक्झॉस्टमध्ये पाणी भरपूर होतं आणि तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला की सेन्सर गेला.

हीटर इंजिन पेटल्यावरच चालू होईल असा रिले टाकला, किल्ली फिरवल्या फिरवल्या नाही.

एक लक्षात ठेवायचं, टर्बोच्या पुढचा पाइप स्लेडवर आखूड असतो, आयडलला बाहेरची हवा उलटी आत येते आणि आकडा उगाच लीन दिसतो. आयडलचा आकडा बघून पेट्रोल वाढवायचं नाही.

२२ नोव्हेंबर

मॅप सेन्सर, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा. २ बारचा घेतला. ३ बारवाला पण चालला असता पण आपण १४० केपीएच्या वर जाणारच नाही तर ३०० पर्यंतचं स्केल कशाला ताणायचं. नळीचा टॅप प्लेनममध्ये, थ्रॉटलच्या अलीकडे. मुद्दाम. थ्रॉटलच्या पलीकडे घेतला तर व्हॅक्यूमच्या उड्या दिसतात, आणि थ्रॉटल किती उघडलाय ते तर ईसीयू बघतोच आहे. आपल्याला फक्त एवढंच पाहिजे की थ्रॉटलच्या दारात हवा किती दाबाने उभी आहे.

हवेच्या तापमानाचा मूळ सेन्सर पण काढून प्लेनममध्ये आणला. तो जुन्या जागी टर्बोच्या आधी थंड हवेत बसला होता. बाहेर उणे २० असताना टर्बोने १.४२ पट दाबलेली हवा गणिताने २० अंशांच्या आसपास निघते, टर्बोची एफिशियन्सी ६५ टक्के धरली तर. ईसीयूला मात्र उणे २० दिसत राहिलं तर तो समजणार हवा घट्ट आहे आणि १६ टक्के पेट्रोल उगाच जास्त सोडणार. काही लोक त्याला "सेफ्टी" म्हणतात. मला ते पटत नाही, दोन चुका एकमेकींना कापून बरोबर उत्तर येतंय अशा गाडीवर नंतर काहीच ट्यून करता येत नाही.

३० नोव्हेंबर

गॅरेजमध्येच प्रेशर टेस्ट. टर्बोच्या तोंडाला टोपण, कंप्रेसरने ८ पीएसआय हवा, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. चार्ज ट्यूबच्या एका क्लॅम्पला बुडबुडे. साधे स्क्रूवाले क्लॅम्प थंडीत रबर आकसलं की ढिले पडतात, त्यामुळे सगळेच स्प्रिंगवाले घातले. आता मिनिटभर प्रेशर थांबतंय.

किल्ली ऑन, इंजिन बंद, मॅप ९८. बाहेरच्या दाबाशी जुळलं. ही तपासणी दर वेळी, फुकट आहे आणि बऱ्याच गोष्टी सांगते.

६ डिसेंबर

बर्फ आला शेवटी. बॉक्समधलं टेबल (किती दाबाला किती टक्के पेट्रोल वाढवायचं ते) अजून रिकामं म्हणजे सगळीकडे शून्य, बूस्ट येऊ न देता अर्ध्या थ्रॉटलपर्यंतच फिरवली. क्रूझला १३.५ ते १४, मूळ गाडी जशी हवी तशी. वरून उतरताना थ्रॉटल सोडला की २० च्या वर आकडा, मित्र घाबरून थांबला. अरे ते ईसीयूने पेट्रोल बंद केलंय म्हणून, पल्सच नाही तर बॉक्स लांबवणार काय.

स्टँडवर ट्रॅक फिरवून ट्यून करणारे असतात. लोडच नाही तर कसलं ट्यूनिंग. आणि ट्रॅक तुटला किंवा त्यातून काही उडालं तर मागे उभा असेल त्याचं काही खरं नाही. बर्फावरच, चढावर, ओढून.

७ डिसेंबर

आज सकाळी उणे २४. किल्ली ऑन केली, मॅप ८९. बाहेर ९८ आहे आणि हा ८९ म्हणतोय.

सेन्सर खराब समजून बदलायच्या आधी नळी काढून बघितली तर आत बर्फाचा छोटा गोळा. काल गाडी बंद केल्यावर नळीतल्या ओलाव्याचा बर्फ होऊन नळी बंद झाली, आत अडकलेली हवा रात्रीत आणखी गार झाली आणि तिचा दाब पडला. किटच्या कागदात नळी खालून फिरवून दाखवली होती, त्या खोलगट भागातच पाणी साठलं. आता सेन्सर टॅपच्या वर बसवलाय, नळी आखूड, सिलिकॉनची, आतून रुंद, आणि सेन्सरपासून टॅपपर्यंत सरळ उताराची. पाणी झालं तर परत प्लेनममध्ये पडेल.

हे असंच चालू केलं असतं तर काय झालं असतं ते सांगायची गरज नाही. बूस्ट आहे आणि बॉक्सला दिसतच नाही.

बॉक्सचा डिस्प्ले पण उणे २० च्या खाली झोपेत असल्यासारखा चालतो, आकडा बदलायला वेळ लावतो. त्यामुळे चालवणाऱ्यासाठी वेगळा एलईडी लावला, १२.५ च्या वर लीन झालं आणि बूस्ट असेल तर लाल दिवा. हेल्मेट, गॉगल, उडणारा बर्फ, अशात आकडे वाचायला कोणाला वेळ आहे, दिवा दिसतो.

१४ डिसेंबर

बूस्टवर पहिल्यांदा. टेबल बॉक्सच्या पद्धतीने भरलं होतं, म्हणजे बॉक्स किल्ली ऑन झाल्यावर बाहेरचा दाब वाचून ठेवतो, मॅपला त्याने भागतो आणि त्या पटीप्रमाणे टक्के देतो. १.४२ च्या खान्यात ४२. सुरुवातीला मुद्दाम ५० टाकलं होतं, मग खाली आणत गेलो.

४२ वर एएफआर १२.० आला. मूळ गाडी बूस्टशिवाय फुल थ्रॉटलला १२.६ द्यायची, मग ४२ टक्के हवा वाढली आणि ४२ टक्के पेट्रोल वाढवलं तर १२.६ च यायला हवं होतं ना? नाही, आणि यात मजा आहे. इंजेक्टरला उघडायलाच साधारण १ मिलिसेकंद लागतो, त्या वेळात पेट्रोल येत नाही, हाच डेड टाइम. ७.२ मधला खरा कामाचा पल्स ६.२. बॉक्स मात्र अख्ख्या ७.२ ला ४२ टक्के लावतो, त्यातलं डेड टाइमवरचं ४२ टक्के पण पेट्रोल होऊनच बाहेर येतं. १०.२ वजा १ म्हणजे ९.२, पाहिजे होतं ८.८. साडेचार टक्क्यांच्या वर जास्त पडलं. १२.६ चं १२.० तिथेच झालं. मला ११.८ हवं होतं, ४४ केलं, आलं.

व्होल्टेज पडलं की डेड टाइम वाढतो, म्हणजे हीटर फुल ठेवून बॅटरी मेली तर थोडं लीन जाणार. १४ व्होल्ट टिकतंय का हे पण लॉगमध्ये घेतलंय.

दुसरं जे लॉगमध्ये दिसलं ते स्लेडचं खास. कारच्या टेबलात ठिपके सगळीकडे पसरलेले असतात, २००० पासून रेडलाइनपर्यंत. इथे फुल थ्रॉटलचे जवळजवळ सगळे ठिपके ८४०० ते ८६०० च्या पट्टीत उभे, कारण आरपीएम क्लच धरून ठेवतो, वेग वाढला तरी इंजिन तिथेच. म्हणजे आरपीएमच्या खान्यात तासन्‌तास बसून काही हाती लागत नाही. बदलतो तो फक्त दाब. सगळा जीव दाबाच्या आकड्यात घालायचा.

ताकद वाढली तसा आरपीएम ८८०० ला पळायला लागला, प्रायमरी क्लचला जड वेट घालून परत ८५०० वर आणला. क्लचचं लिहायला बसलो तर वेगळी वही लागेल.

२१ डिसेंबर

डोंगरावर नेली. खालून चालू करून बंद न करता चढत गेला, मी मागून दुसऱ्या स्लेडवर. साधारण १२०० मीटरवर एका लांब चढाला लाल दिवा लागला, त्याने लगेच थ्रॉटल सोडला, शाबास.

मित्र म्हणे "अरे खाली तर एकदम मस्त होती, पंप गेला का?"

पंप ठीक होता. लॉग उघडला तर एएफआर १३.२ आणि बॉक्सच्या मते बूस्ट ४.४ पीएसआय. पण हँडलवरच्या साध्या काट्याच्या गेजवर तो ६ बघत होता, त्याला पक्कं आठवत होतं. दोन्ही खरं बोलत होते.

वेस्टगेटची स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत काम करते, म्हणून गेजवर ६ कुठेही ६ च. तिथे बाहेरची हवा ८७.५, अधिक ४१, एकूण १२८.५. बॉक्सने मात्र बाहेरचा दाब खाली किल्ली फिरवली तेव्हा एकदाच वाचला, ९८, आणि तोच धरून बसला. १२८.५ वजा ९८ म्हणजे ३०.५ केपीए, ४.४ पीएसआय. पट पण १२८.५ भागिले ९८, १.३१ च निघाली. इकडे ईसीयू स्वतःच्या सेन्सरने बाहेरचा दाब सतत बघतो, त्याने उंचीप्रमाणे पेट्रोल केव्हाच कमी केलंय. त्याच्या कमी केलेल्या पल्सला खरी पट लागते १२८.५ भागिले ८७.५, १.४७. १.३१ भागिले १.४७ म्हणजे ११ टक्के कमी. ११.८ चे १३.२. अगदी दशांशापर्यंत जुळलं, इतकं जुळलं की वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं.

तसाच २४०० मीटरपर्यंत गेला असता तर? तिथे बाहेर ७५. एकूण ११६. बॉक्स देणार ११६ भागिले ९८, १.१८. लागणार ११६ भागिले ७५, १.५५. चोवीस टक्के कमी, एएफआर साडेपंधराच्या आसपास, फुल थ्रॉटल, बूस्टवर. पिस्टन राहिला असता का माहीत नाही.

ज्या कोणाला वाटतं की ६ पीएसआय म्हणजे ६ पीएसआय, त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. खाली ६ पीएसआयला ४२ टक्के, वर त्याच ६ पीएसआयला ५५. गेज तेच दाखवतं, इंजिनला तेच नसतं. टर्बोला पण नसतं, वर त्याला १.५५ पटीने दाबायचं म्हणजे जास्त फिरायचं आणि हवा जास्त तापवायची, गणिताने उणे २० ची हवा खाली वीसेक अंशांवर निघत होती ती वर तिसाच्या वर जाते.

तात्पुरता उपाय मधूनमधून गाडी बंद करून किल्ली परत फिरवायची. खाली उतरताना तसंच केलं. पण पावडरमध्ये चढावर गाडी बंद कर असं सांगून ऐकणारा माणूस मी अजून बघितला नाही.

२६ डिसेंबर

उपाय सापडला. बॉक्सला एक मोकळा ० ते ५ व्होल्टचा इनपुट आहे आणि त्यावर दुसरं टेबल लावता येतं जे पहिल्याला गुणतं. तिथे १ बारचा वेगळा सेन्सर लावला, तोंड हूडच्या आत उघडं, फोमचा तुकडा लावून म्हणजे बर्फाची धूळ जाणार नाही. हा सतत बाहेरचा दाब वाचणार. बॉक्सची किल्लीवाली पद्धत पूर्ण बंद.

मग गणित मोडून दोन तुकडे केले. पाहिजे ते मॅप भागिले बाहेरचा दाब. ते असं पण लिहिता येतं, मॅप भागिले ९८, गुणिले ९८ भागिले बाहेरचा दाब. पहिला तुकडा पहिल्या टेबलात, दुसरा दुसऱ्यात. झालं. कोणत्याही उंचीला चालतं, फक्त एक विचित्र दिसतं, पहिल्या टेबलात ९८ च्या खाली मायनस आकडे येतात. मॅप ७५ ला उणे साडेतेवीस टक्के. बघूनच पोटात गोळा येतो. पण ७५ मॅप तेव्हाच येणार जेव्हा बाहेर पण ७५ आहे आणि बूस्ट नाही, तेव्हा दुसरं टेबल १.३१ ने गुणतं आणि दोन्ही मिळून बरोबर १. म्हणजे बॉक्सने काही करायचं नाही, जे ईसीयू देतोय ते जाऊ दे.

धोका एकच, दुसरा सेन्सर तुटला तर मायनसवाले खाने उघडे पडतात. म्हणून इनपुट ०.३ व्होल्टच्या खाली किंवा ४.८ च्या वर गेला तर १.४० ने गुणायचं, म्हणजे वाईटात वाईट काय तर गाडी धूर काढत रिच चालेल. वायर उपटून बघितली, तसंच झालं, भकाभका.

डेड टाइमची ती जास्तीची टक्केवारी वर बदलणार हे पण आलं. २४०० वर मूळ पल्स ५.७ च्या जवळ, त्यात १ मिलिसेकंद डेड म्हणजे प्रमाण जास्त, त्यामुळे तीच पट लावली तरी वर थोडं अजून रिच येणार. राहू दे, रिचकडेच आहे. आणि पल्स वर १.५५ पट होऊन पण ९ च्या आतच राहतोय, खालच्यापेक्षा कमी, म्हणजे इंजेक्टरची काळजी खालीच करायची होती, वर नाही.

४ जानेवारी

परत तोच डोंगर, खालून वरपर्यंत न थांबता. लॉगमध्ये बूस्टचे सगळे ठिपके ११.४ ते ११.९. वर ११.४ च्या जवळ, डेड टाइमचं म्हटलं होतं तेच. दुसऱ्या टेबलात ७५ च्या खान्यातून दोन टक्के काढले, ११.६ वर आलं, सोडलं.

एक उडी मात्र होती, मॅपच्या लाइनमध्ये मध्येच १० केपीएचा टोचा, फक्त फुल लोडला. कॉइलच्या शेजारून वायर गेली होती. शील्डवाली टाकली, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड, कॉइलपासून हातभर लांब. गेला टोचा.

थांबून पाच-दहा मिनिटांनी परत पेटवली की पहिले काही सेकंद लीन येतं. प्लेनम खालच्या इंजिनने तापतो, तापमानाचा सेन्सर गरम हवा सांगतो, ईसीयू पेट्रोल कमी करतो, आणि खरी हवा तर लगेच थंड येते. याला बॉक्समध्ये काही केलं नाही, मित्राला सांगितलंय पेटवल्यावर थोडं हळू जा, सेन्सर गार होऊ दे. सेन्सरखाली फायबरचा स्पेसर घालून बघायचाय.

५ जानेवारी

प्लग काढले. गॅप ०.६ वर ठेवला होता, पोर्सेलीन स्वच्छ फिकट तपकिरी, भिंगातून बघितलं तर काळे किंवा चकचकीत बारीक ठिपके कुठे नाहीत, म्हणजे डिटोनेशनची (पेट्रोल अवेळी भडकण्याची) खूण नाही. स्लेडच्या आवाजात खडखड ऐकू येणं शक्यच नसतं, त्यामुळे प्लग आणि भिंग यांच्यावरच विश्वास. ऑक्टेनचं पण, उत्तर अमेरिकेत पंपावरचं ९१ हे रॉन आणि मॉनची (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींची) सरासरी असते, फक्त रॉन लिहितात तिथे तेच पेट्रोल ९५-९६ म्हणून मिळतं. तिकडच्या एखाद्याचा ९१ वरचा टायमिंगचा आकडा वाचून आपण ९१ रॉन भरलं तर ते त्याच्या पेट्रोलपेक्षा बरंच हलकं.

मित्राने आज विचारलंच, "थोडा बूस्ट वाढवूया ना रे?"

नोव्हेंबरचा कागद दाखवला, १२.२ मिलिसेकंद. म्हणे मग मोठे इंजेक्टर घालू.

११ जानेवारी

बाकी राहिलेलं. थ्रॉटल एकदम मारला की अर्ध्या सेकंदाचा लीनचा टोचा, १३ पर्यंत, बॉक्समध्ये थ्रॉटलच्या वेगावर चालणारी सोय आहे ती १५ टक्क्यांपासून चालू करून बघणार. रेग्युलेटरची नळी पण मॅपसारखी उताराची करायची, तिथे अजून खोलगट भाग आहे. प्री-फिल्टरवर खोल पावडरमध्ये बर्फ चिकटून बूस्ट ५ वर येतो, पण आता पेट्रोल खऱ्या दाबावर चालतंय त्यामुळे एएफआर हलत नाही, नुसती ताकद कमी. जाळी मोठी करायची.

दोन्ही टेबलांची फाइल मित्राच्या लॅपटॉपवर पण ठेवली, आणि बॉक्सवर पट्टी चिकटवली, किल्ली ऑन, इंजिन बंद, दोन्ही सेन्सर सारखे दिसले नाहीत तर पेटवायची नाही. २ केपीएपर्यंतचा फरक चालेल.